मशीन नंबर सातवरच्या चंदेरी रेषा : नव्या सुपरवायझरचं एक प्रकरण

हे प्रकरण नमुना म्हणून बेतलेलं आहे. कारखाना आणि माणसं खरी नाहीत, आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. पण रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यात ज्यांनी एखादी शिफ्ट सांभाळली आहे, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

परिस्थिती

रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचा मध्यम आकाराचा कारखाना. बारा इंजेक्शन मोल्डिंग मशीन (वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू बनवणारी), तीन शिफ्ट : सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते ११, रात्री ११ ते ७. दुसऱ्या शिफ्टला नऊ ऑपरेटर, चौदा हेल्पर (त्यातले आठ ठेकेदाराचे), एक सेटर (साचा बसवून मशीनची सेटिंग लावणारा), क्वालिटीचा एक तपासनीस आणि एक सुपरवायझर.

सुपरवायझर नवा. आठ वर्षं सेटर म्हणून काम केलेला, हात उत्तम, मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगणारा. जुने सुपरवायझर निवृत्त झाले तेव्हा त्याच्याशिवाय दुसरं नाव पुढे आलंच नाही. शनिवारी सगळे त्याला नावाने हाक मारत होते, सोमवारी ‘साहेब’ म्हणायला लागले. मधल्या रविवारी त्याला कुणी काही शिकवलं नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असंच होतं आणि पुढच्या गोंधळाचं मूळ निम्मंअधिक तिथेच असतं.

मशीन नंबर सातवर एबीएस या प्लास्टिकचं काम होतं, एका चार्जरची वरची बॉडी. दोन कॅव्हिटीचा मोल्ड (एका वेळी दोन पीस देणारा साचा), ३६ सेकंदांची सायकल, रनर (साच्याच्या वाटेत गोठणारं जादा प्लास्टिक) धरून एका शॉटला, म्हणजे एका भरणीला, ६० ग्रॅम माल. म्हणजे तासाला १०० शॉट, २०० पीस आणि ६ किलो प्लास्टिकचा दाणा. हा ६ किलोचा आकडा लक्षात ठेवावा, सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे.

या मशीनवर दुसऱ्या शिफ्टला जो ऑपरेटर होता त्याला सगळे मामा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, राहायला दिव्याला, ठाण्याला गाडी बदलून रबाळ्याला येणारे.

काय घडलं

जुलै महिना. आठवड्यात तीन दिवस मशीन सातवर दुपारी चारच्या सुमाराला पिसांवर चंदेरी रेषा यायच्या. सव्वापाचच्या आसपास त्या जायच्या. तेवढ्या वेळात सव्वादोनशेच्या वर पीस रिजेक्ट. शिफ्टला साधारण १,४०० पीस निघतात हे धरलं तर एरवी दोन टक्क्यांवर असलेलं रिजेक्शन त्या दिवशी अठरा टक्क्यांच्या घरात जायचं.

सुपरवायझरला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, मशीन सात रोज सव्वातीन-तीन वीसपर्यंत बंद असतं, कारण मामा मशीनवर नसतात. दोन, त्याच मशीनवर माल खराब होतो. दोन्हींची गाठ त्याने मनात मारून टाकली. एका मंगळवारी मामा तीन वीसला मशीनपाशी आले तेव्हा चार पोरांसमोर तो म्हणाला, “मामा, घरून निघायला मुहूर्त काढता का? तुमच्या मशीनचं रिजेक्शन बघा एकदा.” त्या दिवशी हजेरीपटावर अर्धा दिवस लागला.

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांनी सांगणं बंद केलं. पूर्वी ते जाता जाता म्हणायचे, “नोझलपाशी थोडं गळतंय, बघून घे.” आता नोझल गळलं तरी ते बघत राहायचे. बाकीच्या ऑपरेटरांनीही धडा घेतला. हेल्पर तर आधीच घाबरलेले. दहा दिवसांत चित्र असं झालं, की शिफ्टमध्ये काय बिघडलंय हे सुपरवायझरला रिजेक्शनचे क्रेट भरल्यावर कळायचं.

आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर घटना ही आहे, रेषा नव्हेत. वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर पोचते, यावर सुपरवायझरची खरी ताकद ठरते. बिघाड घडल्या घडल्या कळला तर पाच पिसांत थांबतो, तासाने कळला तर दोनशे पिसांत. ओरडण्याने माणसं चुका करायची थांबत नाहीत, चुका सांगायची थांबतात.

सुपरवायझरच्या मेहनतीत मात्र कमी नव्हती. रेषा दिसल्या की तो स्वतः पॅनेलवर जायचा. बॅरलचं (दाणा वितळतो त्या नळीचं) तापमान १० अंशांनी खाली, इंजेक्शनचा वेग कमी, बॅक प्रेशर (दाणा वितळताना स्क्रूवर दिलेला उलटा दाब) जास्त. एक तासाने रेषा जायच्या आणि त्याला वाटायचं, जमलं. केलेले बदल कुठे लिहिलेले नसायचे. मोल्ड गरम असेपर्यंत त्या सेटिंगवर मशीन चालून जायचं, पण रात्री अकराला शिफ्ट बदलताना मशीन थांबून पुन्हा सुरू झालं की गार मोल्डमध्ये कोपरे भरायचे नाहीत, पहिले तीस-चाळीस पीस शॉर्ट. मग रात्रीचा सेटर सगळं पुन्हा वर चढवायचा आणि दुसऱ्या शिफ्टच्या नावाने बोटं मोडायचा.

कारण शोधताना

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी प्लांट मॅनेजरने त्याला बसवून घेतलं आणि तीन कागद मागितले : गेटवरच्या पंचिंगची यादी, मशीन सातचं तासाभराचं रिजेक्शन आणि मटेरियल स्टोअरच्या दाणा दिल्याच्या पावत्या.

पहिला कागद पाच मिनिटांत मिळाला. मामांचं पंचिंग २:४६, २:५१, २:४८. एकही दिवस तीननंतरचं नाही.

मग ते सव्वातीनपर्यंत असायचे कुठे? क्वालिटी स्टोअरच्या खिडकीपाशी. चार्जरच्या बॉडीचं एक भोक गो-नोगो गेजने (भोक मापात आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या साधनाने) तपासावं लागतं. मागे एक गेज हरवलं होतं, म्हणून नियम झाला की पहिल्या शिफ्टने २:४० ला गेज जमा करायचं आणि दुसऱ्या शिफ्टने सही करून घ्यायचं. स्टोअरचा माणूस २:४५ ते ३:१५ चहाला जायचा. गेजशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हेही नियमातच होतं. मामा नियम पाळत होते. सुपरवायझरला हे माहीत नव्हतं, कारण सेटरचं गेज सेटरच्या कपाटात असतं, त्याला ती खिडकी कधी गाठावीच लागली नव्हती.

दुसरा कागद नव्हताच. रिजेक्शन शिफ्टच्या शेवटी एकच आकडा म्हणून लिहिलं जात होतं. ‘शिफ्टमध्ये २५५ पीस रिजेक्ट’ एवढ्यावरून कारण सापडणं अशक्य. म्हणून पुढचे सहा दिवस तपासनिसाने दर तासाला दोष आणि संख्या लिहिली. तेव्हा दिसलं की रेषा सोमवार, बुधवार आणि शुक्रवारीच येतात आणि सुरुवात दर वेळी चारलाच.

सोमवार, बुधवार, शुक्रवार म्हणजे दुपारी डिस्पॅचची गाडी लागण्याचे दिवस. पावत्या बघितल्यावर उरलेलं जुळलं. पहिल्या शिफ्टचा हेल्पर ११ वाजता हॉपर (मशीनवरची, गरम हवेने दाणा वाळवणारी टाकी) भरायचा. मग जेवण, मग गाडीत बॉक्स चढवणं, मग फरशी पुसणं, कारण पावणेतीनला फ्लोअर स्वच्छ हवा असा दंडक. २:४० ला तो हॉपरकडे वळायचा. मधल्या तीन तास चाळीस मिनिटांतून जेवणाचा अर्धा तास वजा केला, तर मशीनने १९ किलो दाणा खाल्लेला असायचा. २५ किलोच्या हॉपर ड्रायरमध्ये उरायचा ६ किलो. हेल्पर उरलेली जागा एकदम भरून घरी जायचा.

एबीएस हवेतली ओल ओढतो. वापरण्याआधी तो ८० ते ८५ अंशांवर साधारण २ ते ४ तास वाळवावा लागतो. ओला दाणा बॅरलमध्ये गेला की पाण्याची वाफ होते आणि पिसावर ती चंदेरी रेषा म्हणून उमटते. हॉपर भरलेला ठेवून तासाला ६ किलो वापरलं, तर वरून टाकलेल्या दाण्याला खाली पोचायला चार तास लागतात, तोवर तो वाळतो. हॉपर ६ किलोवर उतरल्यावर भरला, तर नवा दाणा तासाभराच्या कामातच तोंडाशी येतो. इथे मशीन गेजपायी वीस मिनिटं बंद असायचं, म्हणून तो चारला पोचायचा, ऐंशी मिनिटं वाळलेला. त्यामागून येणारा दाणा थोडा थोडा जास्त वाळलेला, म्हणून सव्वापाचपर्यंत रेषा आपोआप जायच्या. सुपरवायझरच्या सेटिंगचा त्यात काही वाटा नव्हता. आणि मामांचं मशीन उशिरा सुरू झाल्यामुळे नुकसान वाढलं नव्हतं, दाण्याला वीस मिनिटं जास्त मिळून ते उलट थोडं कमीच झालं होतं.

पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. गरम हवेचा साधा ड्रायर शेडमधलीच हवा ओढतो आणि खाडीलगतच्या या पट्ट्यात जुलैची हवा ओलीच असते. त्यामुळे हिवाळ्यात दोन तासांत वाळणाऱ्या मालाला अडीच-तीन तास द्यावे लागतात.

चूक दुपारी २:४० ला, दोष चारला आणि मध्ये शिफ्ट बदललेली. करणारा घरी गेलेला, समोर मामा. अशा ठिकाणी समोरच्या माणसावर आळ येणं फार सोपं असतं. म्हणून रिजेक्शन तासाने मोजायचं आणि दोष दिसला की आधी विचारायचं : आत्ता मशीनमधून जो दाणा बाहेर पडतोय, तो हॉपरमध्ये केव्हा पडला होता?

काय केलं

पहिलं काम मामांचं. पगार निघण्याआधीच हजेरीपटातला तो अर्धा दिवस दुरुस्त करून घेतला. महिना उलटला असता तर हीच दुरुस्ती पुढच्या पगारात गेली असती आणि तोवर मामांच्या मनात राहिली असती. मग सुपरवायझर शिफ्टच्या सुरुवातीला, सगळे उभे असताना, म्हणाला, “मामा वेळेवर येत होते. गेज मिळत नव्हतं. मी पंचिंग न बघता बोललो, ते चुकलं.” एवढंच. केबिनमध्ये बोलावून दिलगिरी व्यक्त केली असती तर ती पुरली नसती. जिथे बोल लावला तिथेच तो परत घ्यावा लागतो. गेज आता मशीनवरच एका ऑपरेटरच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, फळ्यावर दोघांच्या सह्या होतात, स्टोअर आठवड्यातून एकदा ते तपासतं. वीस मिनिटं रोज वाचली, म्हणजे साठ-पासष्ट पीस.

दुसरं, हेल्परला शिकवणं. आतापर्यंत त्याला “इथून ओत” एवढंच सांगितलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या मुकादमांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम झाला. त्यातली काम शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे : शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं. शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, हे तिचं गृहीत.

आधी कागदावर कामाची फोड केली. तीन रकाने : पायरी, सांभाळायची गोष्ट, कारण. काचेतून पातळी बघणे. १८ किलोच्या लाल रेघेखाली जाऊ द्यायची नाही. कारण १८ किलो म्हणजे तीन तासांचं वाळवण. दाणा मोजून टाकणे. तासाला ६ किलो, ठरलेल्या डब्याने एक डबा. कारण एकदम भरला तर ओला माल एकत्र खाली येतो. पिशवीचं तोंड बांधणे, लगेच, कारण उघडी पिशवी ओल धरते. ड्रायरचा आकडा वाचणे. ८० ते ८५. कमी दिसला तर सेटरला हाक, स्वतः बटण दाबायचं नाही. तक्त्यावर किलो लिहिणे, त्याच वेळी.

शिकवताना सुपरवायझरने काम तीनदा करून दाखवलं. पहिल्यांदा फक्त पायऱ्या बोलून, दुसऱ्यांदा सांभाळायच्या गोष्टी जोडून, तिसऱ्यांदा कारणांसह. मग हेल्परने तेच करायचं, शेवटच्या खेपेला कारणं स्वतः सांगत. ठेकेदाराकडची बरीच मुलं हिंदीत सहज बोलतात, म्हणून हिंदीत. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारलाच नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी, “हॉपर दहा किलोवर आला आणि तू गाडी भरतोयस, तर काय करशील?” पहिल्या हेल्परचं उत्तर होतं, “गाडी संपवून येईन.” तिथे पुन्हा समजवावं लागलं. खरं तर त्याची चूक नव्हती. गाडी आधी की हॉपर आधी, हे त्याला कुणी ठरवून दिलेलंच नव्हतं. पहिल्या शिफ्टच्या सुपरवायझरशी बोलून ठरलं : हॉपर आधी आणि फरशी पावणेतीनऐवजी तीनपर्यंत.

तिसरं, शिफ्ट देणं-घेणं. सगळ्यांना पंधरा मिनिटं जास्त थांबवणं हा सरळ उपाय वाटतो, पण तो कामाचा वेळ आहे, फुकट थांबवता येत नाही आणि ओव्हरटाइम झाला तर तो दुप्पट दराने द्यावा लागतो. म्हणून दोन्ही सुपरवायझर आणि सेटर यांच्याच वेळा वीस मिनिटांनी सरकवल्या. ऑपरेटरने ऑपरेटरला मशीनपाशी दोन मिनिटांत चार गोष्टी द्यायच्या : हॉपरची पातळी, शेवटचा चांगला पीस (मशीनला बांधलेला), सेटिंगमध्ये झालेला बदल आणि अर्धवट राहिलेलं काम.

काय बिघडलं

पहिले आठ दिवस रजिस्टरमध्ये सगळीकडे ‘ओके’. ‘ओके’ लिहायला हॉपरकडे बघावं लागत नाही. रकान्याचं नाव बदलून ‘हॉपर : किती किलो, किती वाजता’ केलं तेव्हा आकडे यायला लागले. पुढच्या आठवड्यात आढळलं की काहीजण शिफ्टच्या शेवटी सगळे तास एकाच पेनाने, एकाच दमात भरतात. सुपरवायझरने रोज मधल्याच एखाद्या वेळी, कधी साडेपाचला, कधी नऊला, तक्ता हातात घेऊन हॉपरची काच बघायला सुरुवात केली. फरक निघाला तर पहिल्या वेळी फक्त, “चल, दोघं बघू किती आहे.” दंड नाही. दंड लावला असता तर आकडे जुळले असते, हॉपर नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते सुपरवायझरला पॅनेलपासून लांब ठेवणं. मॅनेजरने नियम केला की सेटिंगचा पासवर्ड सेटरकडेच राहील, सुपरवायझरला बदल सुचवायचा असेल तर सेटरला सांगायचं, एका वेळी एकच बदल आणि आधीचा आकडा लिहून. त्याला हे फार लागलं. ते समजण्यासारखं आहे : आठ वर्षं त्याची इज्जत त्याच्या हातामुळे होती आणि तोच हात बांधल्यासारखं झालं. पण तो एका पॅनेलवर चाळीस मिनिटं वाकलेला असतो तेव्हा उरलेली अकरा मशीनं बघणारं कुणी नसतं, आणि जो सेटर तयार व्हायला हवा तो बाजूला उभा राहून पाने (स्पॅनर) देत असतो. चौथ्या आठवड्यात सेटरने स्वतः एक वॉर्पेजचा (पीस वाकडा होण्याचा) प्रश्न सोडवला, तेव्हा सुपरवायझर तीन नंबरवर नव्या मुलीला पॅकिंग शिकवत होता. त्यानंतर त्याची कुरकुर कमी झाली.

याच काळात उशिराचं एक खरं प्रकरणही निघालं. एका तरुण ऑपरेटरचं पंचिंग ३:१८, ३:२२. त्याला बाजूला घेऊन तारखा वाचून दाखवल्या, कारण विचारलं. ठाण्याहून तो जी लोकल धरायचा ती वेळेवर असली तरी स्टेशनवरून शेअर रिक्षाची रांग धरून पोचायला तीन वाजून जायचेच. आधीची गाडी धरायची असं ठरलं, तारीख घालून वहीत लिहिलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघणार हेही सांगितलं. तो सुधारला. सुधारला नसता तर पुढची पायरी एचआरकडून लेखी मेमोची होती. ठेकेदाराच्या मुलांच्या हजेरीबद्दल मात्र थेट कारवाई करायची नाही, ठेकेदाराच्या माणसाला लेखी कळवायचं.

सहाव्या आठवड्यात

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्या शिफ्टचा हेल्पर स्वतः सुपरवायझरकडे आला : आठ नंबरच्या मोल्ड बदलीत अडकलो होतो, सातचा हॉपर सहा किलोवर गेला, आत्ता भरलाय. रेषा यायला अजून एक तास होता.

करायचं काय? तसंच चालू ठेवलं तर सहा वाजल्यापासून रेषा, जेवणाची सुट्टी सोडून साडेसातपर्यंत दोनशेच्या आसपास पीस वाया आणि निवडायला दोन माणसं. सुपरवायझरने हिशोब असा केला : आतला ६ किलो वाळलेला आहे, तो सहापर्यंत चालवू. सहा ते साडेसात मशीन बंद. साडेसहा ते सात जेवणाची सुट्टी त्यातच येते, तेव्हा मशीन एरवीही बंद असतं, म्हणजे जादा तोटा एक तासाचा, २०० पिसांचा. दाणा वाया नाही, निवडणं नाही. थांबताना हॉपरखालची झडप लावली, बॅरल पर्ज करून रिकामं केलं आणि हीटर खाली आणले, कारण गरम बॅरलमध्ये तासभर पडून राहिलेला एबीएस पिवळा पडतो. त्या वेळात मामांनी आणि सेटरने मोल्डचे व्हेंट (हवा बाहेर जायच्या फटी) साफ केले. साडेसातला अडीच तास वाळलेला दाणा खाली आला. सुरुवातीचे दहा पीस बाजूला काढले, अकरावा तपासनिसाने पास केला.

हेल्परचं नाव रजिस्टरमध्ये ‘हॉपर खाली गेला’ याच्यासमोर लिहिलं गेलं नाही, ‘पाचला कळवलं’ याच्यासमोर लिहिलं गेलं. मोल्ड बदलीच्या वेळी सातच्या हॉपरकडे कोण बघणार, हे मात्र अजून ठरलेलं नाही. मोल्ड बदलीला दोन हेल्पर लागतात आणि दुसऱ्या शिफ्टला सात व आठ नंबरला मिळून दोनच आहेत. तिसरा माणूस मागायचा, की बदली पहिल्या शिफ्टकडे सरकवायची, हा विषय पुढच्या महिन्याच्या प्लॅनिंगच्या बैठकीत आहे.